कंपवाताची शंका आल्यावर: हार्मोनच्या तपासण्या आणि मेंदूचे स्कॅन कोणत्या क्रमाने करावेत

मावशीच्या उजव्या हातातल्या बांगड्या वाजेनाशा झाल्या, हे घरात सगळ्यात आधी माझ्या आठ वर्षांच्या मुलीला कळलं. "मावशीआजी चालते तेव्हा एकाच हाताचा आवाज येतो," ती म्हणाली, आणि आम्ही ते हसण्यावारी नेलं. दोन्ही हातांत सारख्याच काचेच्या बांगड्या होत्या. पण चालताना डावा हात झुलायचा आणि उजवा पोटाशी धरल्यासारखा राहायचा. उजवा खांदा आखडला म्हणून त्याआधी तीन महिने शेक आणि व्यायाम झाले होते. हिंगाची फोडणी करपली तरी तिला वास येत नव्हता. मग दिवाळीत रांगोळीची रेघ मध्येच तुटायला लागली, चिमटीतून रांगोळी सुटेचना.

त्यानंतर आम्ही जे केलं तेच बहुतेक घरांत होतं. कुणीतरी सुचवलं म्हणून एका लॅबचं 'संपूर्ण हार्मोन पॅकेज' केलं. लगोलग मेंदूचा एमआरआय केला. दोन्हींचे लिफाफे घेऊन मेंदूविकारतज्ज्ञांकडे गेलो, तर त्यांनी ते टेबलाच्या कडेला सरकवले आणि म्हणाले, "काकू, जरा दारापर्यंत चालून दाखवता?"

आमचा क्रम उलटा झाला होता. पैसे गेलेच, शिवाय एका 'नॉर्मल' आकड्यावर विसंबून आम्ही वेळ दवडला. पुढच्या वर्षभरात डॉक्टरांना विचारून विचारून जे समजलं, ते सुलट क्रमाने इथे लिहिते आहे.

रक्तात कंपवात दिसत नाही

हे आधी पक्कं डोक्यात असू द्या, म्हणजे पुढचे निर्णय सोपे होतात. पार्किन्सन्सचं, म्हणजे आपल्या कंपवाताचं, पहिलं नीट वर्णन लंडनच्या जेम्स पार्किन्सन यांनी १८१७ साली केलं. ते अवघ्या सहा रुग्णांवरून केलं होतं, आणि त्यांतले काही तर त्यांनी फक्त रस्त्यात येता-जाता पाहिलेले होते. दोनशे वर्षं उलटली तरी निदानाचा पाया तोच आहे: माणूस कसा हलतो, कसा चालतो हे जाणत्या नजरेने पाहणं.

मेंदूच्या बुंध्यात सब्स्टान्शिया नायग्रा नावाचा काळसर पट्टा असतो. तिथल्या पेशी डोपामिन हे हालचालींचे निरोप नेणारं रसायन तयार करून आतल्या भागांत पोचवतात. कंपवातात या पेशी हळूहळू मरतात, आणि हाताची मंद हालचाल डोळ्यांना दिसू लागते तोवर त्यांतल्या निम्म्याच्या आसपास गेलेल्या असतात. व्हिएन्नातल्या ओलेह हॉर्निकिएविच यांनी १९६० साली दगावलेल्या रुग्णांच्या मेंदूत डोपामिनची ही तूट मोजून दाखवली. ही तूट मेंदूत होती, रक्तात नव्हे.

रक्तातही डोपामिन असतं, पण ते शरीराच्या इतर भागांतून आलेलं असतं. रक्त आणि मेंदू यांच्यामधली बारीक गाळणी डोपामिनला पलीकडे जाऊ देत नाही. म्हणूनच या आजारात गोळी डोपामिनची देत नाहीत, लेव्होडोपाची देतात. ते गाळणी ओलांडून आत जातं आणि तिथे त्याचं डोपामिन होतं. त्यामुळे रक्तातलं डोपामिन कमी आलं म्हणून कंपवात ठरत नाही आणि नॉर्मल आलं म्हणून सुटकाही होत नाही. मावशीच्या पॅकेजमध्ये ते नॉर्मल आलं आणि आम्ही पेढे वाटायचेच बाकी होतो. कोणत्याही पॅकेजात 'डोपामिन' दिसलं तर त्यासाठी एक रुपयाही देऊ नका.

मग रक्ततपासणी करायची कशाला? कंपवातासारखंच दिसणारं पण वेगळं, आणि बऱ्याचदा बरं होणारं, असं काही आहे का हे शोधायला. एमआरआयचंही मुख्य काम तेच आहे. डोपामिनच्या मज्जातंतूंची अवस्था प्रत्यक्ष दाखवणारे स्कॅन वेगळेच असतात आणि ते प्रत्येकाला लागत नाहीत.

पहिली पायरी: घरातली टिपणं आणि मोबाइल

डॉक्टरांची वेळ मिळायला दिवस लागतातच. तेवढ्यात एक वही करा. काय बदललं, कोणत्या बाजूला, साधारण कधीपासून, एवढंच लिहा. हाताच्या थरथरीबरोबर बाकीच्याही गोष्टी विचारा: वास येतो का, बद्धकोष्ठ किती वर्षांपासून आहे, आवाज बारीक झाला आहे का, उदबत्ती किंवा कॉफी नाकाशी धरली तर ओळखू येते का. झोपेत ओरडणं, लाथा झाडणं, स्वप्नातली मारामारी खरीच हातापायांनी करणं, हे जोडीदाराला माहीत असतं आणि तो ते 'सवय आहे' म्हणून सांगतच नाही. कंपवाताच्या आधी कित्येक वर्षं हे दिसू शकतं, म्हणून मुद्दाम विचारा.

मग व्हिडिओ घ्या. माणसाला खुर्चीत बसवून हात मांडीवर सैल सोडायला सांगा आणि शंभरातून सात-सात वजा करत मोठ्याने बोलायला लावा. लक्ष आकड्यांत गुंतलं की लपलेली थरथर बाहेर येते. अंगठा आणि तर्जनी मोठी उघडझाप करत एकमेकांवर आपटायला सांगा, आधी एक हात, मग दुसरा. चिमूट दहाव्या-बाराव्या वेळेपर्यंत लहान होत जाते का, अडखळते का ते पाहा. दहा-बारा पावलं चालून वळून परत यायला सांगा, आणि पावलांपासून डोक्यापर्यंत सगळं चौकटीत येऊ द्या. एकच ओळ आखणी नसलेल्या कागदावर पाच-सहा वेळा लिहून घ्या. मावशीने 'श्री गजानन प्रसन्न' लिहिलं. पहिल्या ओळीतला 'श्री' नखाएवढा होता आणि शेवटच्या ओळीतला तांदळाएवढा. डॉक्टरांनी तो कागद आमच्या सगळ्या रिपोर्टांपेक्षा जास्त वेळ पाहिला.

दुसरी पायरी: औषधांचा डबा उघडा

ही पायरी मला सगळ्यात महत्त्वाची वाटते, आणि सगळ्यात जास्त वेळा हीच सुटते. मेंदूतलं डोपामिनचं काम अडवणारी औषधं घेतली की हुबेहूब कंपवात दिसू शकतो, आणि त्यांतली बरीचशी आपण 'साधी गोळी' म्हणून घेत असतो.

डब्यात ही नावं शोधा. लेव्होसल्पिराइड: हे पित्ताच्या कॅप्सूलमध्ये पँटोप्राझोल किंवा रॅबेप्राझोलच्या जोडीला असतं, आणि पुढची चकचकीत बाजू पाहून कळत नाही, पट्टीच्या मागची बारीक अक्षरं वाचावी लागतात. मेटोक्लोप्रमाइड आणि प्रोक्लोरपेराझिन: उलटी किंवा चक्कर यासाठी. सिनारिझिन आणि फ्लुनारिझिन: चक्कर आणि अर्धशिशीसाठी. मानसिक आजारावरची हॅलोपेरिडॉल, रिस्पेरिडोन, ओलान्झापिन. फिटसाठीचं सोडियम व्हॅल्प्रोएट, त्यानेही हात थरथरतात.

यातलं काही सापडलं तर स्वतःहून बंद करू नका, विशेषतः मानसिक आजाराचं आणि फिटचं औषध तर अजिबात नाही. पट्टीचा फोटो काढा, किती महिन्यांपासून चालू आहे ते लिहा आणि डॉक्टरांसमोर ठेवा. औषध थांबवल्यावर त्याचा परिणाम ओसरायला काही आठवडे, कधी कधी कित्येक महिने जातात. तेवढा धीर धरावा लागतो.

आयुर्वेदिक चूर्णंही याच यादीत लिहा. खाजकुइलीच्या बियांत, म्हणजे कपिकच्छूत, खरोखरच लेव्होडोपा असतो. 'ताकदीचं चूर्ण' म्हणून ते चालू असेल तर तपासणीच्या दिवशी लक्षणं झाकली जाऊ शकतात, आणि डॉक्टरांना ते माहीत नसेल तर अंदाज चुकतो.

तिसरी पायरी: डॉक्टरांची तपासणी

शक्यतो मेंदूविकारतज्ज्ञ गाठा. गावात नसेल तर जिल्ह्याच्या ठिकाणी जा, पण एकदा जाच. ते मुख्यतः मंदावलेली हालचाल शोधतात. ती असेल आणि जोडीला विश्रांतीतली थरथर किंवा स्नायूंचा ताठरपणा असेल, तर त्याला पार्किन्सोनिझम म्हणतात. त्याचं कारण कंपवात आहे की आणखी काही, हा पुढचा प्रश्न.

थरथरीची जात इथे फार उपयोगी पडते. कंपवाताची थरथर हात निवांत असताना येते, अंगठ्याने तळहातावर तंबाखू मळावी तशी, सेकंदाला चार ते सहा वेळा, आणि सहसा एकाच बाजूला सुरू होते. चहाचा कप उचलल्यावर दोन्ही हात थरथरत असतील, मान हलत असेल, वडिलांना किंवा आजीलाही तसंच असेल, तर तो बहुधा इसेन्शियल ट्रेमर असतो. आणि हात समोर पसरल्यावर बोटांत बारीक, वेगवान कंप आला, सोबत धडधड आणि वजनात घट असेल, तर थायरॉइडकडे बोट जातं.

या भेटीआधी कुणी 'घेऊन तर बघा' म्हणून लेव्होडोपा सुरू करून दिला असेल तर ते आधी सांगा.

चौथी पायरी: रक्ताच्या आणि हार्मोनच्या तपासण्या

पॅकेज नको. डॉक्टर लिहून देतील तेवढ्याच करा; ती यादी सहसा छोटी असते आणि तिच्या अग्रभागी थायरॉइड असतं.

थायरॉइड कमी पडलं की माणूस मंदावतो, चेहरा सुजट आणि भावशून्य दिसतो, आवाज जाड होतो, बद्धकोष्ठ होतं, मन उदास राहतं. कंपवाताच्या सुरुवातीचीच ही यादी वाटावी इतकं साम्य आहे. म्हणून टीएसएच (थायरॉइड कमी पडलं की हा आकडा वाढतो) आणि फ्री टी-४ (थायरॉइडचं स्वतःचं हार्मोन) आधी. टीएसएचची नेहमीची मर्यादा साधारण ०.४ ते ४ असते, वय वाढतं तशी वरची हद्द थोडी सरकते.

रक्त देताना काही पथ्यं पाळा. टीएसएच दिवसभरात खाली-वर होतं, म्हणून दर वेळी सकाळी त्याच सुमाराला जा. थायरॉइडची गोळी चालू असेल तर त्या दिवशी रक्त दिल्यावर घ्या. केस आणि नखांसाठीच्या गोळ्यांत बायोटिन असतं. काही यंत्रांवर त्यामुळे थायरॉइडचे आकडे चक्क खोटे येतात, म्हणून डॉक्टरांना विचारून दोन-तीन दिवस आधी ते थांबवा. लेव्होडोपानेही टीएसएच थोडं खाली येऊ शकतं, म्हणून ही तपासणी तो सुरू करण्याआधी झालेली बरी.

मावशीचं टीएसएच ८.६ आलं. "थायरॉइडच होतं तर!" म्हणत घरभर आनंद झाला. डॉक्टरांनी गोळी सुरू केली आणि सांगितलं, "सहा ते आठ आठवड्यांनी पुन्हा बघू. पण थायरॉइड एकाच हाताला धरत नाही." दोन महिन्यांनी आकडा सुधारला, बद्धकोष्ठ थोडं कमी झालं, उजवा हात मात्र तसाच होता. थायरॉइडचा त्रास आणि कंपवात एकाच माणसात असू शकतात. एक सापडलं म्हणून दुसऱ्याचा शोध सोडू नका.

दुसरं नाव पॅराथायरॉइड, म्हणजे पीटीएच. थायरॉइडच्या मागे सहसा चार बारीक ग्रंथी असतात, त्या रक्तातलं कॅल्शियम सांभाळतात. त्या निकामी झाल्या, बहुतेकदा गळ्याच्या जुन्या ऑपरेशनमध्ये, तर कॅल्शियम घसरतं, फॉस्फरस वाढतं आणि वर्षानुवर्षांनी मेंदूच्या आतल्या गाठोड्यांत चुन्यासारखे थर साठतात. त्यातून कंपवातासारखी लक्षणं दिसतात. गळ्यावर जुना व्रण असेल, हातापायांना मुंग्या येत असतील, बोटं वाकडी आखडत असतील तर हे आवर्जून सांगा. कॅल्शियम, फॉस्फरस, अल्ब्युमिन आणि पीटीएच एकाच वेळी काढलेल्या रक्तातून करावं, नाहीतर आकड्यांची सांगड बसत नाही.

प्रोलॅक्टिनची गोष्ट वेगळी आहे. या हार्मोनला डोपामिनचा लगाम असतो. डोपामिन अडवणारं औषध पोटात गेलं की लगाम सुटतो आणि प्रोलॅक्टिन चढतं. कंपवात ठरवायला ते निरुपयोगी आहे. पण मावशीच्या त्या महागड्या पॅकेजात प्रोलॅक्टिन ९० च्या वर होतं, जिथे वरची मर्यादा २५ च्या आसपास असते. लॅबने आकडा ठळक छापला होता, अर्थ कुणी सांगितला नव्हता. डॉक्टरांनी तो पाहिला आणि पहिला प्रश्न विचारला: "पित्तासाठी काय घेता?" पिशवीतून कॅप्सूलची पट्टी निघाली. मागच्या बाजूला लेव्होसल्पिराइड. चौदा महिने, रोज सकाळी, रिकाम्या पोटी. आम्ही दुसरी पायरी आधी चढलो असतो तर ते आम्हालाच दिसलं असतं.

कॉर्टिसॉलबद्दल इंटरनेटवर बरंच वाचायला मिळतं. कंपवाताच्या रुग्णांमध्ये ते सरासरीने जास्त आढळल्याचे अभ्यास आहेत, पण ते पहाटे-सकाळी मुळातच जास्त असतं, काळजीने वाढतं, सुई टोचण्याच्या भीतीनेही वाढतं. एका माणसाचा एक आकडा घेऊन निदान होत नाही. इस्ट्रोजेन, टेस्टोस्टेरॉन, मेलाटोनिन यांचंही तेच.

हार्मोन नसलेल्या पण कामाच्या तपासण्या: बी-१२, साखर, लिव्हर आणि किडनीच्या चाचण्या. शाकाहारी घरांत आणि मधुमेहाची मेटफॉर्मिन घेणाऱ्यांत बी-१२ कमी सापडणं नेहमीचं आहे. त्याने पाय बधिर होतात, तोल जातो, आणि चित्र गढूळ होतं. वय पन्नाशीच्या आत असेल तर रक्तातलं सेरुलोप्लाझ्मिन (तांबं वाहून नेणारं प्रथिन) आणि लघवीतलं तांबं तपासतात, आणि डोळ्यांचे डॉक्टर स्लिट लॅम्पखाली बुबुळाच्या कडेचं तांबूस-हिरवट कडं शोधतात. तो विल्सन्सचा आजार, त्यात शरीरात तांबं साठतं. त्याला औषध आहे, आणि वेळ गेली तर नुकसान भरून येत नाही. तरुण माणसाच्या बाबतीत ही तपासणी झाली की नाही हे स्वतःहून विचारा.

पाचवी पायरी: एमआरआय, आणि 'नॉर्मल'चा अर्थ

सुरुवातीच्या कंपवातात साधा एमआरआय बहुतेक वेळा नॉर्मल येतो. म्हणजे 'एमआरआय नॉर्मल, म्हणून कंपवात नाही' हे वाक्य चूक आहे. एमआरआय बाकीचे संशयित बाजूला काढतो: मेंदूतल्या पोकळ्यांत पाणी साठणं, लहान-लहान झटक्यांचे डाग, गाठ, कवटीखाली साचलेलं जुनं रक्त. पाणी साठण्याचा आजार ओळखण्यासारखा आहे: पाय जमिनीला चिकटल्यासारखे पडतात, लघवी अनावर होते आणि विसरभोळेपणा येतो. त्यावर नळी बसवण्याचं ऑपरेशन असतं, म्हणून तो सुटता कामा नये.

कंपवाताचे चुलतभाऊ म्हणावेत असे दोन आजारही कधी कधी एमआरआयवर खूण सोडतात. पीएसपीमध्ये मधला मेंदू झिजून बाजूने पाहिल्यावर लांब चोचीच्या पक्ष्यासारखा दिसतो, एमएसएमध्ये मेंदूच्या बुंध्यात फुलीसारखी खूण उमटते. मात्र अगदी सुरुवातीला या खुणाही नसू शकतात.

चिठ्ठीवर नुसतं 'एमआरआय ब्रेन' असेल तर डॉक्टरांना विनंती करा की 'पार्किन्सोनिझमची शंका' आणि कोणती बाजू हे लिहा, आणि एसडब्ल्यूआय हा एमआरआय-चित्रांचा प्रकार घ्यायला सांगा. निरोगी माणसात या प्रकारात सब्स्टान्शिया नायग्राचा मागचा भाग भिंगरी पक्ष्याच्या दुभंगलेल्या शेपटीसारखा दिसतो. कंपवातात ती शेपटी पुसली जाते. ३ टेस्लाच्या (टेस्ला म्हणजे चुंबकाची ताकद) मशीनवर हे १.५ टेस्लापेक्षा जास्त स्पष्ट दिसतं. पण वाचणारा सरावाचा लागतो, आणि नुसत्या त्यावरून निदान करत नाहीत. रिपोर्टात 'वयोमानानुसार बदल' असं आलं तर घाबरू नका, साठीनंतर ते सर्रास लिहिलेलं असतं.

जाताना मंगळसूत्र, बांगड्या, जोडवी, केसातल्या पिना, कवळी, श्रवणयंत्र सगळं घरी ठेवून किंवा काढून जा. पेसमेकर, जुन्या ऑपरेशनची क्लिप, डोळ्यात कधी गेलेला लोखंडी कण, मोठं गोंदण, हे नाव नोंदवतानाच सांगा. आत अर्धा-पाऊण तास हातोडे पडल्यासारखा आवाज येतो. डोकं हललं की चित्र बिघडतं, म्हणून हनुवटी थरथरत असेल किंवा बंद जागेची भीती असेल तर आधी बोला, डॉक्टर झोपेचं सौम्य औषध देऊ शकतात. झोपेत थरथर थांबते. रंगद्रव्याचं इंजेक्शन या कामासाठी सहसा लागत नाही. कुणी सुचवलं तर कशासाठी ते विचारा.

सीटी स्कॅन कधी? घाई असेल, एमआरआय चालत नसेल, किंवा पॅराथायरॉइडची शंका असेल तेव्हा. ते चुन्याचे थर सीटीवर जास्त ठळक दिसतात.

सहावी पायरी: डोपामिनचा स्कॅन, आणि तो कुणी करावा

लक्षणं ठसठशीत असतील, एका बाजूला सुरू झाली असतील आणि लेव्होडोपाने स्पष्ट फरक पडत असेल तर या स्कॅनची गरज नाही. खरा पेच असतो तेव्हाच तो कामाचा: इसेन्शियल ट्रेमर की कंपवात, औषधाचा परिणाम की कंपवात.

मावशीचा पेच यांतला दुसरा होता. कॅप्सूल बंद करून चार महिने वाट पाहिली. डाव्या हाताचा किंचित ताठरपणा गेला, उजवा हात सुधारला नाही. औषधाचा परिणाम अजून ओसरतो आहे, की आतला कंपवात औषधाने उघडा पाडला? हे डोळ्यांनी ठरत नव्हतं. तेव्हा डॉक्टरांनी स्कॅन लिहून दिला.

मज्जातंतूंच्या टोकांवर डोपामिन परत आत ओढणारे पंप असतात. स्कॅनचं किंचित किरणोत्सारी औषध त्या पंपांना चिकटतं आणि कॅमेरा ते टिपतो. परदेशात यासाठी आयोडीन-१२३ असलेलं आयोफ्लुपेन वापरतात. अमेरिकेत त्याला २०११ साली मान्यता मिळाली. ते देण्याआधी थायरॉइडने आयोडीन ओढून घेऊ नये म्हणून पोटॅशियम आयोडाइड देतात. परदेशात आई-वडिलांना घेऊन राहणाऱ्यांनी त्यांची थायरॉइडची आणि आयोडीनच्या ॲलर्जीची माहिती आधीच द्यावी. आपल्याकडे टेक्नेशियम वापरणारा ट्रोडॅट स्कॅन जास्त चालतो, त्यात आयोडीनचा प्रश्न नसतो. तिसरा प्रकार एफ-डोपा पेट स्कॅन. तो पेशी डोपामिन किती बनवून साठवतात ते दाखवतो. त्याला उपाशी पोटी जावं लागतं, तासभर आधी कार्बिडोपाची गोळी देतात आणि लेव्होडोपा चालू असेल तर डॉक्टरांच्या सांगण्याप्रमाणे आदल्या रात्रीपासून थांबवतात. हे स्कॅन मुंबई-पुण्यासारख्या मोठ्या शहरांतल्या न्यूक्लिअर मेडिसिन विभागांत होतात. औषध ठरावीक दिवशीच बनवतात, म्हणून फोन करूनच निघा.

ट्रोडॅटसाठी लेव्होडोपा सहसा थांबवावा लागत नाही. निकाल बिघडवणारी औषधं वेगळी आहेत: सिगारेट सोडण्यासाठी किंवा उदासीनतेसाठी दिलं जाणारं ब्युप्रोपिऑन, आणि मिथाइलफेनिडेट. उदासीनतेच्या इतर गोळ्यांचीही यादी द्या, काय थांबवायचं ते तेच सांगतील.

दिवस असा जातो. हाताच्या शिरेत इंजेक्शन दिलं की तीन-चार तास नुसतं बसायचं, म्हणून डबा आणि पाण्याची बाटली न्या. मग अर्धा-पाऊण तास डोकं पट्ट्याने अलगद बांधून कॅमेरा भोवती फिरतो. एमआरआयसारखा आवाज नसतो, बोगदा नसतो. नंतर पाणी भरपूर प्यायचं, लघवीला वरचेवर जायचं, आणि त्या दिवशी तान्ह्या मुलाला किंवा गरोदर बाईला फार वेळ खेटून बसायचं नाही. तपासून घेणारी बाई स्वतः गरोदर असेल किंवा अंगावर पाजत असेल तर हे नोंदणीच्या वेळीच सांगा.

चित्र वाचायला सोपं असतं. निरोगी मेंदूत दोन्ही बाजूंना दोन चमकदार स्वल्पविराम दिसतात. कंपवातात आधी त्यांचं शेपूट विझतं, सहसा जास्त त्रास असलेल्या हाताच्या विरुद्ध बाजूचं, आणि स्वल्पविरामाचा पूर्णविराम होतो. नुसता औषधांचा परिणाम असेल किंवा इसेन्शियल ट्रेमर असेल, तर दोन्ही स्वल्पविराम शाबूत राहतात. मावशीचं उजव्या बाजूचं शेपूट थोडं फिकट होतं, डाव्या बाजूला फक्त ठिपका उरला होता. म्हणजे कॅप्सूलने कंपवात केला नव्हता, आधीपासून दबा धरून बसलेला लवकर दाखवला होता.

या स्कॅनची मर्यादाही माहीत असू द्या. पीएसपी आणि एमएसएमध्येही तो बिघडलेलाच येतो, म्हणजे कंपवात आणि त्याचे चुलतभाऊ यांत तो फरक करत नाही. त्यासाठी मेंदूचा कोणता भाग किती साखर वापरतो ते दाखवणारा एफडीजी पेट स्कॅन किंवा हृदयाच्या मज्जातंतूंचा एमआयबीजी स्कॅन कधी कधी सुचवतात. आजार किती वेगाने वाढेल हेही त्यावरून सांगता येत नाही, म्हणून दरवर्षी तो करत बसण्यात अर्थ नाही.

अल्फा-सायन्यूक्लिन या प्रथिनाची चाचणी हल्ली बातम्यांत असते. २०२३ साली १,१२३ जणांच्या पाठीच्या पाण्यावर केलेल्या अभ्यासात तिने कंपवाताच्या सुमारे ८८ टक्के रुग्णांना बरोबर ओळखलं. ही मोठी गोष्ट आहे, पण ती पाठीतून पाणी काढून करायची विशेष चाचणी आहे. कोपऱ्यावरच्या लॅबमध्ये कुणी त्या नावाने रक्त मागत असेल तर आधी तुमच्या डॉक्टरांना विचारा.

सातवी पायरी: औषध हीसुद्धा तपासणीच

निदान जवळपास ठरलं की लेव्होडोपा पुरेशा मात्रेत, पुरेसे आठवडे देऊन पाहतात. ठळक फरक पडणं ही कंपवाताच्या बाजूची भक्कम साक्ष असते. मावशीला तिसऱ्या आठवड्यात चिमटीत रांगोळी धरता आली. बांगड्या वाजायला दोन महिने लागले.

काही गोष्टी दिसल्या तर निदान पुन्हा तपासायला सांगा: पहिल्या वर्षा-दोन वर्षांतच वारंवार पडणं, उभं राहताच रक्तदाब घसरून डोळ्यांपुढे अंधारी, नजर खाली नेता न येणं, लघवीचा ताबा लवकर जाणं, सुरुवातीलाच भास होणं, किंवा औषधाचा काहीच उपयोग न होणं. निदान बदलणं म्हणजे डॉक्टर चुकले असं नाही. सुरुवातीला हे आजार एकमेकांत इतके मिसळलेले असतात की काळच त्यांना वेगळं करतो. म्हणून दर सहा महिन्यांनी तीच खुर्ची, तेच अंतर, तीच लिहायची ओळ घेऊन नवा व्हिडिओ काढा.

फाइल एकच ठेवा. स्कॅनच्या नुसत्या फिल्म घेऊ नका, सीडी किंवा लिंक मागा, कारण दुसऱ्या डॉक्टरांना मूळ चित्रं लागतात. रक्ताच्या प्रत्येक रिपोर्टावर त्या दिवशी कोणती औषधं चालू होती ते पेनाने लिहा. दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांच्या २०१६ च्या कायद्यात पार्किन्सन्सचा समावेश आहे, त्यामुळे पुढे प्रमाणपत्र काढायची वेळ आली तर निदानाची पहिली चिठ्ठी लागेल, ती लॅमिनेट न करता प्लास्टिकच्या पाकिटात जपा. पुण्यातलं पार्किन्सन्स मित्रमंडळ आणि मुंबईतली पार्किन्सन्स डिसीज अँड मूव्हमेंट डिसऑर्डर सोसायटी या दोन्ही ठिकाणी याच वाटेने गेलेली माणसं भेटतात. स्कॅनला जाण्याआधी त्यांच्याशी बोललात तर कुठला लिफाफा कधी उघडायचा हे आमच्यापेक्षा लवकर कळेल.